अंगाची जाण आणि स्वमग्न मूल

श्रोतेहो, सोलापूरकरांना नंदीध्वज म्हणजे काय हे सांगायला नको. मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेत सात उंच नंदीध्वज निघतात आणि शुक्रवार पेठेसारख्या जुन्या पेठांतली घरे पाहुण्यांनी भरून जातात. एवढा जड ध्वज पेलणारा गडी आपले गुडघे किती वाकले, कंबर कुठे कलली, हे डोळ्यांनी पाहत बसत नाही. ते त्याला आतून कळते.

शाळेत आपण पाच ज्ञानेंद्रिये शिकवतो. त्यांत आणखी दोन जाणिवा मिळवायला हव्यात. एक स्नायू आणि सांधे यांतून येणारी. दिवे गेले तरी घास तोंडातच जातो, तो तिच्यामुळे. दुसरी तोलाची, तिची जागा कानाच्या अगदी आतल्या भागात. ह्या साऱ्या वार्ता मेंदूकडे जातात, मेंदू त्यांतल्या कामाच्या तेवढ्या निवडतो आणि हातापायांना हुकूम देतो. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असलेल्या पुष्कळ मुलांत ही देवघेव निराळ्या रीतीने चालते. आज तेवढ्याचविषयी बोलायचे आहे. कारण घरात आणि वर्गात ह्याच गोष्टीला हट्ट समजून मुलाला मार बसतो.

समजा, त्याच यात्रेच्या गर्दीत एखादे मूल कानांवर हात दाबून जमिनीवर लोळू लागले. लोक आईला म्हणतात, "फार लाडावून ठेवलंय!" पण आपल्याला जो नुसता गलबला वाटतो, तो त्या मुलाला सहन होण्यापलीकडचा असू शकतो. हलगी, भोंगे, शेजारच्याचे बोलणे, सगळे सारख्याच जोराने अंगावर येते. हेच मूल गुडघा फुटला तरी रडत नाही, किंवा तासभर स्वतःभोवती गिरक्या घेते. एक जाणीव फार तीव्र, दुसरी फार मंद, असे एकाच मुलात चालते, बरं का! जेवणातही तेच. कडक भाकरी कुरकुर चावून खाईल, पण तीच आमटीत कुस्करली की तोंडातून बाहेर. हे नखरे नव्हेत.

लिओ कॅनर ह्या डॉक्टरांनी 1943 साली अमेरिकेत अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यातही मोठ्या आवाजांना घाबरणारी मुले आहेत. तरी अमेरिकेच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात जाणिवांचा हा फरक स्वमग्नतेच्या लक्षणांत धरला गेला तो 2013 साली. सत्तर वर्षे लागली!

हालचालीकडे तर त्याहूनही कमी लक्ष गेले आहे. चवड्यांवर चालणे, सदऱ्याची गुंडी न लागणे, चेंडू झेलता न येणे, अक्षर वहीभर सांडणे, ही अडचण स्वमग्न मुलांपैकी बहुतेकांना कमीअधिक असते. गुरुजी सांगतात, "वही काढ." मुलाला ऐकू येते, समजतेही, पण हुकूम हातापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर दुसरा हुकूम सुटतो, मग तिसरा, आवाज चढतो, आणि सगळेच विस्कटते. एकदा सांगावे आणि मनात दहा आकडे मोजावेत. एवढ्यानेही फरक पडलेला दिसेल.

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरातील संशोधकांनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांच्या हाती यंत्राची मूठ देऊन त्यांना नवी हालचाल शिकवली. स्वमग्न मुले ती शिकताना डोळ्यांना दिसते त्यापेक्षा स्वतःच्या सांध्यांतून जे कळते त्यावर अधिक विसंबली. मला वाटते, ह्यात शिक्षकांना घेण्यासारखे पुष्कळ आहे. फळ्यावर 'क' काढून "बघा आणि काढा" म्हटले, तर अशा मुलाला ते पुरेलच असे नाही. अंगणातल्या मातीत हातभर मोठा 'क' बोटाने गिरवू द्यावा, त्यावरून चालू द्यावे. लेखन जमत नसेल तर उत्तर तोंडी विचारावे, किंवा अक्षरांच्या चिठ्ठ्यांवर बोट ठेवू द्यावे. मात्र बोट मुलाचेच हवे. दुसऱ्याने हात धरून मुलाकडून उत्तरे लिहवून घेण्याची एक पद्धत निघाली होती. तपासणी केली तेव्हा ती उत्तरे हात धरणाऱ्याचीच ठरली.

हातापायांची अशी कामे बसवून देणाऱ्या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. आपल्या देशातले त्याचे पहिले विद्यालय 1950 साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात निघाले, ते कमलाबाई निंबकर यांच्या खटपटीने. त्या जन्माने अमेरिकन, सून मात्र महाराष्ट्राची. ह्या उपचारात झोके, दोर, ओझी यांचा उपयोग करतात. सगळ्याच उपायांना सारखा पुरावा नाही, हेही सांगितले पाहिजे. अंगावर जड पांघरूण घातल्याने स्वमग्न मुलांची झोप वाढते का, हे 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाहिले. झोप वाढली नाही, पण मुलांना ते पांघरूण आवडले. तेव्हा घरातली वाकळ आवडत असेल तर खुशाल द्यावी, तिच्यासाठी दुकानात हजारो रुपये मोजू नयेत.

खेड्यातल्या पालकांनी प्रथम अंगणवाडीताईंना किंवा गुरुजींना सांगावे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके 2013 पासून अंगणवाड्या आणि सरकारी शाळांतून मुले तपासतात व पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवतात. आणि गुरुजनहो, दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे. त्यात स्वमग्नता धरलेली आहे, आणि परीक्षेत जादा वेळ व लेखनिक देण्याची तरतूद त्याच्या सतराव्या कलमात आहे.