उतारवयात दंड का गळतात?

देवगाव रंगारीसारख्या गावात ज्यांनी उमेदीत धान्याची पोती पाठीवर वाहिली, तीच माणसे सत्तरीत ओट्यावरून उठताना गुडघ्यावर हात टेकतात. ‘वय झाले’ म्हणून आपण सोडून देतो.

स्नायू प्रथिनांचा बनलेला. तो रोज थोडा झिजतो, थोडा बांधला जातो. वजन उचलले, डाळ-अंडे पोटात गेले की पेशीतल्या काही प्रथिनांना फॉस्फेटची खूण चिकटते आणि बांधकाम सुरू होते. माणूस खाटेला खिळला की प्रथिनांना युबिक्विटिन नावाची चिठ्ठी लागते. चिठ्ठी लागलेले प्रथिन पेशी तोडून टाकते. या शोधाला २००४ साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. उतारवयात बांधकामाची खूण सुस्तावते, तेवढेच जेवण मग पुरत नाही.

आपले अंग मुळातच दुबळे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची तुलना डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशी केली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२!

तरी उशीर झाला असे समजू नका. बोस्टनमध्ये नव्वदीच्या वृद्धांनी आठ आठवडे पायांनी वजन उचलले. पायांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली, हे १९९० साली प्रसिद्ध झाले.

घरात आई शेवटी जेवते आणि तिच्या वाट्याला वरणाचे पाणी येते. तिला घट्ट वरण, अंडे, शेंगदाणे आधी वाढा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारा. आणि रोज खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा ऊठबस करायला सांगा, शेजारी कुणीतरी उभे राहून.