मनाच्या वैद्यांचे गुरुजन

वसईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, जेथे उल्हास नदीची खाडी समुद्रास मिळते, तेथे पाचूबंदर नावाची कोळ्यांची जुनी वस्ती आहे. तेथून खाडीने वर जाऊ लागले म्हणजे घोडबंदर लागते आणि पाण्याची तीच वाट पुढे ठाण्याकडे जाते. ठाणे हे नाव या किनाऱ्यावर दोन अर्थांनी वापरले जाते. एक अर्थ भूगोलातला, दुसरा थट्टेतला. कोणाचे वागणे जरा चमत्कारिक दिसू लागले की ‘याला आता ठाण्याला पोचवावा’ असे सहज बोलले जाते. पुण्याकडे हीच थट्टा येरवड्याच्या नावाने होते. १९०१ साली ठाण्यास वेड्यांचे इस्पितळ उघडले. पुढे त्याचे नाव बदलून प्रादेशिक मनोरुग्णालय झाले, कायदे बदलले, औषधे बदलली. थट्टा मात्र आहे तेथेच आहे.

आता अशी कल्पना करावी की, पाचूबंदरच्या एखाद्या घरातील तरणाताठा मुलगा बोटीवर जाईनासा झाला, रात्र रात्र जागू लागला, आणि शेजारीपाजारी आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे पुटपुटू लागला. प्रथम नवस होतील, कोणी भगताचे नाव सुचवील, मग वसईतील डॉक्टर आणि शेवटी ठाण्याचे किंवा मुंबईचे मोठे रुग्णालय. तेथे या मुलासमोर एक तरुण डॉक्टर येऊन बसतो. त्या डॉक्टराने ही विद्या कोठे व कोणाच्या हाताखाली घेतली, हा प्रश्न मुलाच्या आईबापांच्या मनात येत नाही. शस्त्रक्रिया करावयाची असली म्हणजे सुशिक्षित घरांतून सर्जनाच्या गुरूची, कॉलेजाची, अनुभवाची कसून चौकशी होते. मनाच्या बाबतीत मात्र कोणीही चालतो, असा आपला समज दिसतो.

वस्तुतः येथे गुरूचे महत्त्व इतर कोणत्याही शाखेपेक्षा अधिक आहे. हृदयाच्या वैद्यापाशी विद्युत्-आलेख असतो, हाडांच्या वैद्यापाशी क्ष-किरणांचे चित्र असते. स्किझोफ्रेनिया किंवा उदासीनतेचा विकार दाखवून देणारी रक्ताची तपासणी मात्र अद्याप निघालेली नाही. तपासण्या करतात त्या बहुधा दुसरा एखादा रोग, उदाहरणार्थ थायरॉइड ग्रंथीचा दोष, त्यामागे नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान करावयाचे ते ऐकून, पाहून आणि विचारून. ही तीन कामे ग्रंथ वाचून साधत नाहीत. ज्याला ती येतात त्याच्या शेजारी बसूनच साधतात.

असे शेजारी बसविणारे गुरू हिंदुस्थानात फार उशिरा निर्माण झाले. एकोणिसाव्या शतकातील वेड्यांच्या इस्पितळांचा हेतू मुख्यतः बंदोबस्ताचा होता; तेथील अधिकारी वैद्य असला तरी अध्यापक नसे. रांचीच्या युरोपियन लोकांसाठी असलेल्या इस्पितळात १९२२ पासून लंडन विद्यापीठाच्या पदविकेचे शिक्षण घेण्याची सोय झाली. पण खरा पालट घडला तो मनोविकाराची तपासणी तटबंदीतून बाहेर पडून सर्वसाधारण रुग्णालयाच्या ओसरीवर आली तेव्हा. १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल मेडिकल कॉलेजात डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी असा बाह्यरुग्ण विभाग उघडला, आणि १९३८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. के. आर. मसाणी यांनी. ज्या दारातून खोकल्याचा रोगी आत जातो त्याच दारातून मनाचा रोगीही जाऊ लागला. तितकाच मोठा लाभ असा की, वैद्यकाच्या विद्यार्थ्यास तो आता रोज दिसू लागला. विद्यार्थ्याच्या नजरेस पडत नाही असा रोग कोणत्याही कॉलेजात शिकविला जात नाही.

१९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर केला, तेव्हा देशात सुमारे ४०,००० लोकांमागे मनोरुग्णालयातील एक खाट असे प्रमाण होते; त्याच काळी इंग्लंडात सुमारे ३०० माणसांमागे एक खाट होती. समितीने केवळ खाटा वाढविण्याची शिफारस करून हात झटकले नाहीत. शिकविणारी माणसे आधी तयार झाली पाहिजेत, हे तिने ओळखले. आणि तिच्या शिफारशीनुसार १९५४ साली बंगळूर येथे अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था निघाली. १९७४ पासून हीच संस्था ‘निम्हान्स’ या नावाने ओळखली जाते. 

मुंबईत हेच काम परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आणि त्याला जोडलेल्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात डॉ. एन. एस. वाहिया यांनी केले. पाश्चात्त्य ग्रंथांतील उपचार जसेच्या तसे पढविण्यावर त्यांचे समाधान नव्हते. पातंजल योगातील कल्पनांचा उपयोग चिंतेच्या आणि तत्सम विकारांवर होतो की नाही, हे त्यांनी रुग्णांवर पद्धतशीर प्रयोग करून पाहिले. योगाचा नुसता अभिमान बाळगणे सोपे. त्याची नियंत्रित परीक्षा घेणे अवघड. १९७३ साली या विषयावर अमेरिकेतील एका मानसोपचारविषयक नियतकालिकात जो निबंध छापून आला, त्यावर वाहियांच्या नावामागोमाग त्यांचे सहकारी डॉ. डुंगाजी यांचे आणि त्यानंतर दिलीप जेस्ते या तरुण डॉक्टराचे नाव आहे. गुरू, सहकारी आणि शिष्य एकाच कागदावर आले आहेत. अध्यापकी मनोविकारशास्त्र म्हणजे काय, हे एखाद्या व्याख्येपेक्षा त्या नावांच्या ओळीवरून अधिक चांगले समजते.

जेस्ते हे पिंपळगावासारख्या लहान गावातून आलेले. तरुणपणी फ्रॉइडचे स्वप्नांविषयीचे पुस्तक वाचनात आल्याने आपण या शास्त्राकडे वळलो, असे त्यांनी सांगितले आहे. पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून पदवी घेऊन ते के. ई. एम. मध्ये शिकले, पुढे अमेरिकेस गेले, आणि १९८६ पासून सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अध्यापन व संशोधन करू लागले. उतारवयातील स्किझोफ्रेनिया हा त्यांच्या अभ्यासाचा एक विषय. वार्धक्यातील शहाणपण हा दुसरा. २०१२-१३ मध्ये ते अमेरिकन सायकिअ‍ॅट्रिक असोसिएशनचे अध्यक्ष झाले. आशियाई वंशाचा मनुष्य त्या पदावर प्रथमच बसत होता. मनोविकारांच्या वर्गीकरणाचा जगभर वापरला जाणारा ग्रंथ त्याच सुमारास, मे २०१३ मध्ये, पाचव्या आवृत्तीत प्रसिद्ध झाला.

परंतु अशा उंच शिखरांकडे पाहताना वॉर्डातील रोजचे काम दृष्टीआड होऊ देणे बरे नव्हे; कारण अध्यापक घडतो तो तेथेच. एम. डी. च्या तीन वर्षांत शिकाऊ डॉक्टरास रोग्याची हकीकत लिहून काढावी लागते: एक रोग्याच्या तोंडून, एक नातेवाइकांच्या तोंडून. मग रोग्याची मनःस्थिती तपासावयाची: पेहराव, बोलण्याची गती, चित्तवृत्ती, विचारांची सुसंगती, नसलेले आवाज ऐकू येतात काय, दिवस-वार-स्थळ यांचे भान, आणि आपण आजारी आहो ही जाणीव. नंतर सर्वांसमक्ष तो रोगी अध्यापकापुढे मांडावयाचा आणि प्रश्नांना तोंड द्यावयाचे. विद्यार्थ्याला घाम फुटतो तो या वेळी.

पाचूबंदरचा तो कल्पित मुलगाच येथे उदाहरणादाखल घेऊ. विद्यार्थ्याने लिहिले आहे: ‘दोन महिन्यांपासून कामावर जात नाही.’ अध्यापक विचारतात, महिना कोणता? श्रावण. मग इतर घरांतील मुले जात होती काय? पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या दिवसांत समुद्रावर न जाणे हे लक्षण नव्हे, रिवाज आहे. तोच मुलगा नारळी पौर्णिमेनंतर, सारी वस्ती कामास लागल्यावर, खाटेवरून उठत नसेल तर मात्र गोष्ट निराळी. पुढे लिहिले आहे: ‘आजची तारीख सांगता आली नाही.’ अध्यापक त्याला म्हणतात, तिथी विचारून पाहा, आज उधाण आहे की भांग ते विचारा. ज्याचे पोट भरती-ओहोटीवर चालते, त्याच्या डोक्यातील पंचांग कचेरीच्या भिंतीवरील कॅलेंडराहून वेगळे असते.

अमूर्त विचार करण्याची शक्ती पाहण्यासाठी म्हणींचा अर्थ विचारण्याची एक जुनी रीत आहे. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ म्हणजे काय, असे विचारले असता ‘अंगण सारखे करून घ्यावे’ असे उत्तर आले, तर विद्यार्थी लगेच काहीतरी टिपून ठेवतो. पण ती म्हण त्या घरात बोलली जाते काय? वसईच्या परिसरात कोळी, वाडवळी आणि सामवेदी ख्रिस्ती लोकांची कादोडी अशा कितीतरी बोली नांदतात. परीक्षा इंग्रजीत, वर्ग इंग्रजीत, आणि रोगी सांगतो ते बोलीत: ‘जीव घाबरतो’, ‘डोके जड झाले’, ‘काळजात कालवाकालव होते’. ‘मी उदास आहे’ असे ग्रांथिक वाक्य फारच थोडे रोगी उच्चारतात. या दोन भाषांमधला पूल बांधून देणे हे अध्यापकाचे काम आहे, आणि छापील अभ्यासक्रमात त्याला पुरेशी जागा नाही.

या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यास किती काळ लागतो? एम. बी. बी. एस. नंतर तीन वर्षे एम. डी., मग निदान एक वर्ष सीनियर रेसिडेंट म्हणून उमेदवारी, त्यानंतर सहायक प्राध्यापक. तेथून साधारणतः चार वर्षांनी सहयोगी प्राध्यापक, आणखी तीन वर्षांनी प्राध्यापक. मध्यंतरी शोधनिबंध प्रसिद्ध झाले पाहिजेत, ही अट आहेच. खाजगी दवाखाना थाटणारा सहाध्यायी या काळात पैशाच्या दृष्टीने पुष्कळ पुढे निघून गेलेला असतो. शिवाय घरचा विरोध. मुलगी सर्जन झाली तर पेढे वाटणारे आईबाप, ती मनोविकारशास्त्र घेणार म्हटल्यावर, ‘वेड्यांची डॉक्टर होणार का?’ असे विचारतात. ठाण्याची थट्टा अशी सुशिक्षितांच्या दिवाणखान्यापर्यंत येऊन पोहोचते आणि तेथे ती निरुपद्रवी राहत नाही.

तिचा परिणाम आकड्यांत दिसतो. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मनोविकार होता असे आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० पासून ९२ टक्क्यांपर्यंत रोगी उपचारावाचून राहतात, असाही त्यात हिशेब आहे. आणि २०१९ च्या सुमारास एक लाख लोकसंख्येमागे ०.७५, म्हणजे पाऊण, मनोविकारतज्ज्ञ असा अंदाज करण्यात आला. पाऊण तज्ज्ञ म्हणजे एका लाखाला एक पुरा माणूसही नव्हे! जागा वाढवाव्या असे सर्व म्हणतात, पण प्राध्यापकांची संख्या पाहूनच पदव्युत्तर जागा मंजूर होतात. एक प्राध्यापक कमी झाला की पुढील प्रत्येक वर्षी काही डॉक्टर कमी निघतात.

या अडचणीतून एक वाट गोव्यात शोधली गेली. डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ‘संगाथ’ ही संस्था काढली. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांस नेमके शिक्षण देऊन, त्यांच्यावर तज्ज्ञांची देखरेख ठेवून, उदासीनतेच्या व चिंतेच्या रोग्यांस प्राथमिक आरोग्य केंद्रातच मदत करता येईल काय, हे त्यांनी तपासले. सरकारी केंद्रांतील रोग्यांस याचा लाभ होतो, असे २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसून आले, पुढे मद्यपानाच्या आणि तीव्र उदासीनतेच्या समुपदेशनाचेही असेच प्रयोग झाले. याने तज्ज्ञाची गरज सरते असा काहींचा ग्रह झाला आहे. तो बरोबर नाही. या लोकांस शिकविणारा, त्यांची चूक वेळीच दाखविणारा आणि अवघड रोगी आपल्याकडे घेणारा कोणीतरी मागे असावाच लागतो. फरक इतकाच की अध्यापकाचा वर्ग कॉलेजाच्या भिंतीबाहेर जातो.

कॉलेजाच्या भिंतींच्या आतही त्याचे सर्वांत महत्त्वाचे विद्यार्थी बहुधा मनोविकारतज्ज्ञ होणारे नसतातच. छातीत धडधडते म्हणून पाचूबंदरची एखादी कोळीण प्रथम जाते ती साध्या डॉक्टराकडे. त्याच्या एम. बी. बी. एस. मध्ये मनोविकारशास्त्राची स्वतंत्र अंतिम परीक्षा नसते. तो विषय वैद्यकाच्या परीक्षेत सामावलेला आहे, आणि जे परीक्षेत नाही ते विद्यार्थी किती मन लावून वाचतात हे सर्वांस ठाऊक आहे. २०२१ च्या नियमांनी इंटर्नशिपमध्ये या विभागासाठी दोन आठवडे सक्तीचे केले. दोन आठवड्यांत काय शिकवावे? चांगला अध्यापक औषधांची यादी पाठ करवीत बसत नाही. तो बाह्यरुग्ण विभागात विद्यार्थ्यास शेजारी बसवून प्रत्येक रोग्यास चार प्रश्न विचारावयास लावतो: झोप कशी आहे, जेवण जाते काय, कामात मन लागते काय, आणि चौथा, जो विचारताना विद्यार्थ्याची जीभ अडखळते: ‘कधी जीव नकोसा वाटतो काय?’ असे विचारल्याने नसता विचार रोग्याच्या डोक्यात शिरतो, ही भीती निराधार आहे. संशोधनाने तसे आढळलेले नाही, उलट पुष्कळांस कोणी विचारल्याने हायसे वाटते. तरीही पहिल्या दिवशी विद्यार्थी तो प्रश्न गाळतात, किंवा इंग्रजीत पुटपुटतात. अध्यापक त्यांस तो मराठीत, मोठ्याने, रोग्याच्या तोंडाकडे पाहून विचारावयास लावतो. आणि विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसावयास शिकवितो.