उभ्या पायाची कवायत

चेंडूवर ज्या पायाची लाथ बसते तो सर्वांच्या दृष्टीस पडतो आणि कौतुकही त्याचेच होते. परंतु त्याच क्षणी खेळाडूचा सारा देहभार एकट्याने पेलून धरणाऱ्या दुसऱ्या पायाकडे प्रेक्षकांचे लक्ष जात नाही, आणि पुष्कळदा प्रशिक्षकाचेही जात नाही. या उपेक्षित पायाच्या शिक्षणाची रीतसर तजवीज करणारी एक कवायत फिफाच्या वैद्यकीय संशोधन केंद्राने ऑस्लो व सांता मोनिका येथील संशोधकांच्या साहाय्याने २००६ साली सिद्ध केली; 'इलेव्हन प्लस' हे तिचे नाव.

व्यायाम पंधरा, अवधी सुमारे वीस मिनिटे. आरंभीची व अखेरची धाव बाजूस ठेवली, तर खरी मौज मधल्या दहा मिनिटांत आहे. चेंडू हाती धरून, गुडघा किंचित वाकवून, तीस सेकंद एका पायावर उभे राहावयाचे. ते साधले म्हणजे सोबत्याशी चेंडूची फेकाफेक करावयाची. आणि तेही अंगवळणी पडले म्हणजे त्याने धक्के देऊन आपला तोल घालवू पाहावयाचा. कंबर समपातळीत आहे ना, गुडघा आत न झुकता पावलाच्या रेषेत आहे ना, यावर प्रशिक्षकाने करडी नजर ठेवावी, कारण उडीनंतर किंवा वळणावर आत कोसळणारा गुडघाच एसीएल नामक अस्थिबंधाचा घात करतो. शरीराचा तोल डोळे, अंतःकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि स्नायू व सांधे यांच्याकडून येणाऱ्या वर्दीवर अवलंबून असतो. नजर चेंडूत गुंतली की उरलेल्या दोघांना अधिक कामास लागावे लागते, आणि फेकाफेकीची मख्खी यातच आहे. ऐन वाढीच्या वयात हाडे इतक्या झपाट्याने लांबतात, की मेंदूचा पूर्वीचा अदमास चुकू लागतो आणि कालचा चपळ मुलगा आज धांदरट दिसतो; अशा मुलास रागे भरणे मला तरी अन्यायाचे वाटते.

नॉर्वेतील तेरा ते सतरा वर्षांच्या १८९२ मुलींमध्ये केलेल्या या कवायतीच्या पाहणीचा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. पायांच्या एकंदर दुखापतींतील घट संख्याशास्त्राच्या कसोटीस निर्विवाद उतरली नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. गंभीर दुखापती मात्र जवळजवळ निम्म्याने घटल्या. पुढे लहान मुलांसाठी सात व्यायामांची निराळी आवृत्ती निघाली, आणि तिच्यात चक्क एक व्यायाम पडावे कसे हे शिकविणारा आहे. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल अशी तालमींची नावे ज्यांचे फुटबॉल संघ अभिमानाने मिरवितात, त्या कोल्हापुरास याचे नवल वाटू नये. अंग सावरून पडणे ही कुस्तीच्या हौद्यातली प्राथमिक विद्या आहे.

या साऱ्यास सामग्री म्हणाल तर एक चेंडू आणि एक सोबती. तरीही मैदान मिळण्यास उशीर झाला, की बहुधा पहिली काट बसते ती याच वीस मिनिटांना.