रिटेन्शन भत्ता (साखर कारखाने)

रिटेन्शन भत्ता हा साखर कारखान्यातील हंगामी कामगाराला गाळप बंद असलेल्या काळासाठी दिला जाणारा भत्ता आहे. वेतनाच्या ठरावीक टक्केवारीने तो आकारला जातो. कामगाराची सेवा पुढील हंगामासाठी राखून ठेवणे हा त्याचा उद्देश होय. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी कायदा, १९५२ मध्ये या भत्त्याची याच अर्थाने व्याख्या केलेली असून निधीच्या वर्गणीसाठी तो विचारात घेतला जातो.

पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्यामुळे विकसित झालेल्या ऊसपट्ट्यात येतात. बारामती तालुक्यात माळेगाव व सोमेश्वर, तर इंदापूर तालुक्यात भवानीनगर येथील श्री छत्रपती, बिजवडी येथील कर्मयोगी शंकररावजी पाटील आणि शहाजीनगर येथील नीरा भीमा हे सहकारी साखर कारखाने आहेत.

ऊस तोडल्यानंतर त्यातील साखरेचा उतारा लवकर घटतो, त्यामुळे तो साठवून वर्षभर गाळता येत नाही. गाळप साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणून कारखान्यात ‘कायम’ कामगारांबरोबर ‘हंगामी कायम’ कामगारही असतात. कायम कामगार बिगरहंगामात यंत्रांची देखभाल व दुरुस्ती करतात आणि त्यांना बारा महिने वेतन मिळते. हंगामी कामगार दरवर्षी त्याच कामावर परततात. मात्र त्यांचे पूर्ण वेतन गाळपापुरतेच असते. ऊसतोड मजूर मुकादमामार्फत उचल घेऊन येतात. ते कारखान्याच्या हजेरीपटावर नसल्याने या भत्त्याच्या कक्षेत येत नाहीत.

कायदेशीर स्थिती

औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार तात्पुरत्या कामबंदीच्या (ले-ऑफ) काळात पात्र कामगाराला मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई देय होती. परंतु हंगामी स्वरूपाच्या आस्थापनांना ही तरतूद लागू नव्हती. औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्येही ही सूट कायम ठेवण्यात आली. कर्मचारी राज्य विमा कायदा, १९४८ मध्येही साखर उत्पादन हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत समाविष्ट होते.

त्यामुळे बिगरहंगामातील उत्पन्न प्रामुख्याने वेतन मंडळांच्या शिफारशी आणि करारांवर अवलंबून राहिले. साखर उद्योगासाठी पहिले केंद्रीय वेतन मंडळ १९५७ मध्ये नेमण्यात आले. महाराष्ट्रात पुढे शासन, कारखाने आणि कामगार संघटना यांच्या त्रिपक्षीय समितीमार्फत वेतन करार होऊ लागले.

हंगाम संपल्यावर काम थांबणे म्हणजे कामगारकपात नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये पंजाबमधील मोरिंडा सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात ठरवले. मात्र हंगामी कामगारांची नोंदवही ठेवावी आणि नव्या हंगामात ज्येष्ठतेनुसार त्यांना कामावर घ्यावे, असे निर्देशही दिले.

न्याय्यतेचा प्रश्न

भत्त्याचा दर सामान्यतः कौशल्याच्या श्रेणीनुसार बदलतो आणि अकुशल कामगारासाठी तो सर्वांत कमी असतो. भत्ता हा सेवा राखून ठेवण्याचा मोबदला मानला, तर ही रचना सुसंगत ठरते. कारण कुशल कामगाराची जागा भरणे कारखान्याला अवघड जाते. तो प्रतीक्षाकाळातील निर्वाहाचे साधन मानला, तर मात्र ज्याला पर्यायी रोजगार मिळणे सर्वांत कठीण, त्यालाच सर्वांत कमी रक्कम मिळते.

दुसरा प्रश्न हंगामाच्या लांबीचा आहे. २०२१–२२ मध्ये उसाच्या मुबलकतेमुळे राज्यातील काही कारखान्यांचे गाळप जूनपर्यंत चालले. याउलट २०२४–२५ मध्ये बहुतेक कारखान्यांचे गाळप मार्चअखेर आटोपले होते. उदाहरणार्थ, मासिक वेतन २०,००० रुपये आणि भत्ता १० टक्के मानल्यास पाच महिन्यांच्या हंगामात वार्षिक उत्पन्न १,१४,००० रुपये होते. हंगाम साडेतीन महिन्यांवर आल्यास ते ८७,००० रुपयांवर येते. वेतनात ३०,००० रुपयांची घट होत असताना वाढीव भत्त्यातून केवळ ३,००० रुपये भरून निघतात. अशा प्रकारे दुष्काळ किंवा ऊसटंचाईची झळ मुख्यत्वे हंगामी कामगाराला बसते.

उपदान (ग्रॅच्युइटी)

उपदान प्रदान कायदा, १९७२ नुसार सामान्य कर्मचाऱ्याला दर वर्षासाठी १५ दिवसांचे, तर वर्षभर कामावर नसलेल्या हंगामी कर्मचाऱ्याला दर हंगामासाठी ७ दिवसांचे वेतन मिळत असे. तीस वर्षांच्या सेवेनंतर हे प्रमाण अनुक्रमे ४५० आणि २१० दिवस असे होते. पाच महिन्यांच्या हंगामाचा प्रमाणशीर वाटा सव्वासहा दिवसांचा असल्याने ७ दिवसांचा दर त्याहून किंचित अधिक आहे; आठ महिन्यांच्या हंगामासाठी मात्र तो वाटा १० दिवसांचा होतो.

अन्य देशांतील समांतर प्रश्न

वर्षातील काही काळच काम असलेल्या कर्मचाऱ्यांच्या हक्कांचा प्रश्न ब्रिटनमध्ये शालेय सत्रापुरते काम करणाऱ्यांबाबत उपस्थित झाला. हार्पर ट्रस्ट विरुद्ध ब्राझेल या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा शिक्षिकेची भरपगारी रजा कामाच्या आठवड्यांच्या प्रमाणात कमी करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर नियम बदलण्यात आले आणि १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या रजावर्षांसाठी प्रत्यक्ष कामाच्या तासांनुसार रजा मोजण्यास मुभा मिळाली.