दैनंदिन लेखनातील 'हॅव' : एक व्याकरणिक अडचण

'हॅव' या इंग्रजी क्रियापदास मराठीत एकच प्रतिशब्द नाही. 'मला' भाऊ असतो, 'माझ्याजवळ' पैसे असतात, 'माझ्याकडे' गाडी असते; क्रियापद मात्र 'असणे' हेच. त्यामुळे 'आहे'साठी 'ॲम' योजून विद्यार्थी 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' असे लिहितो, असे दिसते. नाते ही स्थिती असल्याने प्रमाण इंग्रजीत येथे 'आय हॅव' येते. 'आय ॲम हॅविंग लंच' मात्र निर्दोष, कारण तेथे जेवण्याची क्रिया अभिप्रेत असते. रजेच्या अर्जातील 'हॅविंग फीवर'खाली लाल रेघ ओढली जाते (प्राध्यापकांच्या अर्जांतही हे रूप दुर्मिळ नाही!). परंतु त्यास निष्काळजीपणा ठरविणे अन्यायाचे होय. 'मला ताप आहे' आणि 'मी जेवत आहे' ही वाक्ये फळ्यावर शेजारी मांडल्यास पहिल्यातील 'आहे' मुख्य क्रियापद व दुसऱ्यातील सहायक, हे विद्यार्थ्यास स्वतःच उमगते.