खाचरातले बुडबुडे कोणी मोजले?

‘आमच्या भातामुळे जग तापतंय असं मोबाइलवर वाचलं, खरं का?’ किनाऱ्यावरच्या शिरगावहून एका वाचकाचा आलेला हा प्रश्न. उत्तर नुसत्या होकारात किंवा नकारात देता येणार नाही.

बेणणीसाठी खाचरात उतरलं की पाय गाळात रुततो आणि पावलाभोवती बुडबुडे उठतात. त्यातला मुख्य वायू मिथेन, जग तापवणारा. १७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे तलावाच्या काठी व्होल्टाने काठीने गाळ ढवळून असेच बुडबुडे बाटलीत धरले आणि तो वायू पेटतो हे दाखवलं. विजेचा घट त्याने पुढे चोवीस वर्षांनी केला! गाळात प्राणवायू पोचत नाही, तिथे कुजक्या पाल्यावर आणि मुळांवर जगणारे सूक्ष्मजीव हा वायू तयार करतात. पण बुडबुड्यांतून जातो तो थोडाच, बहुतेक मिथेन भाताच्या रोपातूनच वर येतो. बुडालेल्या मुळांना हवा मिळावी म्हणून भाताच्या अंगात पोकळ वाटा असतात. प्राणवायू खाली नेणाऱ्या त्याच वाटेने मिथेन बाहेर पडतो. म्हणजे रोप हेच गाळाचं धुराडं.

माणसाच्या उद्योगांमुळे जगभर जेवढा मिथेन हवेत जातो, त्यातला सुमारे ८ टक्के भातशेतीतला. तेव्हा वाचकाने वाचलं ते खोटं नाही. पण त्यात शिरगावचा वाटा किती, हे विचारलं की मला डॉ. अशेष प्रसाद मित्रा आठवतात. त्यांचं नाव आपल्या शाळेच्या पुस्तकांत असायला हवं होतं.

१९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने भारतातल्या भातखाचरांतून वर्षाला पावणेचार कोटी टनांहून अधिक मिथेन निघतो असा अंदाज मांडला. मोजणी होती युरोप-अमेरिकेतल्या शेतांची, गुणाकार आपल्या क्षेत्राचा. तिकडची शेतं हंगामभर तुंबलेली, आपली बरीचशी पावसावरची, मध्येच सुकणारी, मातीत सेंद्रिय कर्बही कमी. मित्रा मूळचे आयनांबराचे, म्हणजे आकाशात शेकडो किलोमीटरवरच्या थरांचे अभ्यासक. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या या माणसाने १९९१ मध्ये देशभरातल्या संस्था एकत्र आणून खाचरांत मोजणी करवली. पद्धत ऐकायला अगदी साधी. रोपांवर पारदर्शक पेटी उपडी ठेवायची, ठरावीक मिनिटांनी सुईने आतली हवा काढायची आणि मिथेन किती वाढला ते यंत्रावर पाहायचं. पण हे चिखलात उभं राहून, हंगामभर, पुन्हा पुन्हा करायचं. आकडा आला सुमारे ४० लाख टन. आधीच्या अंदाजाच्या जवळजवळ एक नवमांश! हवामानाच्या वाटाघाटींत गरीब शेतकऱ्याच्या माथी मारलं जाणारं ओझं त्या पेट्यांनी उतरवलं.

आता उपायांकडे येऊ. सर्वांत गाजणारा उपाय म्हणजे पाणी आलटूनपालटून देणं. भोकं पाडलेली नळी खाचरात रोवायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटर उतरलं की पुन्हा भरायचं, फुलोऱ्यात मात्र सुकू द्यायचं नाही. मिथेन जवळजवळ निम्म्यावर येतो. पण आमच्याकडे आवणी झाल्यावर पाऊस नळीकडे बघून पडत नाही. भर पावसात शिरगावच्या शेतकऱ्याला खाचर सुकवायला सांगणं व्यर्थ आहे. पालघर-डहाणूत सूर्या प्रकल्पाच्या कालव्यावर उन्हाळी भात होतो, तिथे ही नळी कामाची. खरिपात कमी दिवसांत येणारं हळवं भात गरव्यापेक्षा कमी दिवस पाण्यात उभं राहतं, तेवढा मिथेन कमी.

दुसरी वाट नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या सगुणा भात तंत्राची. चिखलणी नाही, आवणी नाही. गादीवाफ्यावर टोकणी करायची आणि आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच राहू द्यायची. पाणी तुंबत नाही, त्यामुळे मिथेनला जागा कमी. तणनाशकावरची भिस्त मात्र मला खटकते.

तिसरी वाट डॉ. नारायण सावंतांच्या चारसूत्री भातलागवडीची. तिच्यातला भाताचा पेंढा आणि गिरिपुष्पाचा पाला जमिनीला चांगलाच, पण ताजा पाला तुंबलेल्या पाण्यात गाडला की मिथेनच्या सूक्ष्मजीवांना मेजवानी मिळते. पेंढा आधी कुजवून घालावा. चौथं सूत्र मात्र आज सोन्यासारखं आहे. चार चुडांच्या मधोमध युरियाची गोळी खोल खोचायची. खाचर सुकत-भिजत राहिलं की वर फेकलेल्या युरियातून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो जग तापवायला मिथेनहून कितीतरी जहाल. खोल गेलेलं खत पिकाला मिळतं, हवेत कमी जातं.

शिरगावची खरी गंमत खारजमिनीत आहे. समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं. ते असलं की गाळातले सल्फेटवर जगणारे जिवाणू अन्नासाठीच्या चढाओढीत मिथेनवाल्यांना हरवतात. फिलिपिन्समध्ये शास्त्रज्ञांनी खाचरात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, घालून मिथेन निम्म्याहून कमी केला. आपल्या किनाऱ्यावर हे सल्फेट भरतीबरोबर फुकट येतं. उघाडीच्या, म्हणजे खारबांधातल्या दाराच्या, आतलं, पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेल्या वाणांचं भात म्हणूनच गोड्या खाचरांपेक्षा कमी मिथेन सोडत असणार, असा माझा तर्क आहे. पण पावसाने मीठ धुतलं गेल्यावर काय होतं? तर्क पुरत नाही, मोजावंच लागतं.

सध्या कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे कमी केलेल्या वायूच्या मोबदल्याच्या, नावाने भातशेतकऱ्याला पैशांची स्वप्नं दाखवली जातात. २०२४ मध्ये चीनमधले असे ३७ भातप्रकल्प प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेनेच रद्द केले. शेतात न मोजलेल्या वायूचे पैसे कोणी देऊ केले, तर सहीआधी आकडा कुठून आला ते विचारा.

दापोलीच्या कृषी विद्यापीठाला माझी विनंती आहे. येत्या आवणीपासून कापणीपर्यंत शिरगावच्या एका खाऱ्या आणि एका गोड्या खाचरात पेट्या ठेवा. आकडा आला की तो शिरगावच्या शेतकऱ्याला आधी सांगा.