लोणंदला यंदा मुक्काम किती?



ज्ञानेश्वर माउलींची पालखी लोणंदला कधी एक रात्र थांबते, कधी दोन. फलटणलाही तसंच. हे कोण ठरवतं आणि कशावरून? आज एवढंच समजून घेऊ या. इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणांहून येऊन मधल्या एखाद्या गावात वारीत सामील होणाऱ्यांना याचा थेट उपयोग आहे. आणि पहिल्यांदाच पूर्ण चालणार असाल, तर जरा जास्तच.

आधी ठरलेल्या मुक्कामांचं बघू. पुण्यात दोन रात्री, सासवडला दोन रात्री. पुणे ते सासवड हा टप्पा सुमारे ३० किलोमीटरचा, आणि वाटेत दिवे घाटाची चढण. त्यानंतर सासवडला एक पूर्ण दिवस पाय मोकळे मिळतात. शिवाय सासवड म्हणजे सोपानदेवांच्या समाधीचं गाव. तिथून जेजुरी, मग वाल्हे. इथपर्यंतचा हिशेब प्रस्थानाच्या दिवसापासून पुढे मोजायचा. पहिली रात्र आळंदीतच, आणि प्रस्थानानंतर सहाव्या दिवशी पालखी वाल्ह्यात.

आता दुसरं टोक घ्या. आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी, म्हणजे दशमीला, पालखी पंढरपुरात पोचलीच पाहिजे. त्याच्या आदल्या रात्री वाखरी. तिथून मागे मागे मोजत या: भंडीशेगाव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते, बरड. बरडचा मुक्काम एकादशीच्या सात दिवस आधी. हा हिशेब उलटा, एकादशीपासून मागे मोजायचा.

म्हणजे वारीची दोन्ही टोकं बांधलेली आहेत. मध्ये उरतात तीन गावं: लोणंद, तरडगाव, फलटण. वर्ष लहान-मोठं झालं की त्याची सगळी ओढाताण या पट्ट्यात होते.

पण वर्ष लहान-मोठं होतंच का? प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला. (उत्तर भारतातल्या पंचांगात हीच तिथी आषाढ कृष्ण अष्टमी म्हणून सापडेल, तेव्हा गोंधळू नका. तिथे महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला.) या अष्टमीपासून आषाढ शुद्ध एकादशीपर्यंत १८ तिथी होतात. मात्र तिथी म्हणजे २४ तासांचा दिवस नव्हे. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. चंद्राची चाल कमी-जास्त होते, त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांची, तर कधी २६ तासांची. सूर्योदयाला जी तिथी, ती त्या दिवसाची. म्हणून एखादी तिथी दोन सूर्योदयांना सापडते, तिला आपण वृद्धी म्हणतो. एखादी एकाही सूर्योदयाला सापडत नाही, तो क्षय. मग त्याच १८ तिथी कधी १७ दिवसांत बसतात, कधी १९ दिवस घेतात.

प्रत्यक्ष तारखा बघा.

२०२५ मध्ये प्रस्थान १९ जूनला आणि एकादशी ६ जुलैला. अंतर १७ दिवसांचं. लोणंद, तरडगाव, फलटण, तिन्हीकडे एकेकच रात्र.

२०२४ मध्ये २९ जून ते १७ जुलै, १८ दिवस. लोणंदला दोन रात्री.

२०२२ मध्ये २१ जून ते १० जुलै, १९ दिवस. लोणंदला दोन आणि फलटणलाही दोन.

आता हे वारकऱ्याच्या पायांच्या भाषेत सांगतो. २०२२ मध्ये सासवड सोडल्यावर लोणंदला एक आणि फलटणला एक, असे दोन दिवस न चालता मिळाले. २०२४ मध्ये एकच मिळाला. २०२५ मध्ये एकही नाही. सासवडहून जेजुरीकडे पहिलं पाऊल टाकल्यापासून पंढरपूरपर्यंत सलग बारा दिवस चाल! अंतर तेच, टप्पे तेच. कमी झाली ती फक्त विश्रांती.

त्यामुळे गेल्या वर्षीच्या अनुभवावर कुणी सांगितलं, ‘लोणंदला आराम मिळतोच, तोवर ओढ’, तर आधी यंदाचं वेळापत्रक बघा. तो आराम यंदा नसेल, तर सासवडचा दिवस हाच शेवटचा मोकळा दिवस. तळपायाचे फोड, सुजलेला गुडघा, अंगातली कणकण, हे सगळं तिथेच दाखवून घ्या. कपडे तिथेच धुऊन वाळवा. दुखणं अंगावर काढून पुढे गेलात, तर रोज नवा टप्पा असतो आणि जखमेला भरायला सवड मिळत नाही. एखादा टप्पा दिंडीच्या गाडीतून गेलात म्हणून वारी मोडत नाही.

दिंडी चालवणाऱ्यांचा हिशेबही यावरच. दोनशे माणसांच्या दिंडीत एक जादा मुक्काम म्हणजे एका दिवसाचा शिधा, पाणी आणि सरपण वाढलं. यजमान गावालाही पाणी आणि शौचालयांची सोय आणखी एका दिवसासाठी करावी लागते. म्हणून जादा मुक्कामाच्या गावी आपण जास्त जपून राहायचं: पाणी बेतानं, कचरा पिशवीत.

मधून सामील होणाऱ्यांनी तर एक पक्कं लक्षात ठेवा. रेल्वेचं तिकीट गेल्या वर्षीच्या तारखांवर काढू नका. तुम्ही फलटणला उतराल आणि पालखी अजून लोणंदलाच असेल. देवस्थान दरवर्षी वेळापत्रक जाहीर करतं, ते बघा. देहूहून निघणाऱ्या तुकोबांच्या पालखीचा मार्ग वेगळा, बारामती-इंदापूरकडून जाणारा, आणि तिचं प्रस्थानही एक दिवस आधी, सप्तमीला. दोन्हींची वेळापत्रकं एकमेकांत मिसळू नका.

कॅलेंडर हाताशी असेल, तर आताच एक काम करा. प्रस्थानाची तारीख बघा, एकादशीची बघा, मधलं अंतर मोजा. सतरा आलं, तर तयारी आजपासून. अठरा आलं, तर लोणंदला एक दिवस हातात आहे. एकोणीस आलं, तर फलटणलाही पाय पसरायला मिळतील.

राम कृष्ण हरी.